चंदीगडला मी चमत्कार करते

चंदीगडला जाऊन आले म्हटलं की नगरचे लोक पहिलं विचारतात, "रॉक गार्डन पाहिलं का?" नाही पाहिलं. मग विचारतात, "सुखना तलाव तरी?" तो पाहिला, पण गाडीच्या काचेतून, आणि तेव्हा मी भाचीशी वाद घालत होते, त्यामुळे तिथे पाणी होतं एवढंच खात्रीने सांगू शकते. मी तिथे काय केलं हे मात्र कोणी विचारत नाही. मी चंदीगडला एका बाईचा दुखरा खांदा बरा केला. चार हजार माणसांच्या सभेत, मोहरीच्या तेलावर हात ठेवून.

आता हे असं तडक सांगितलं की लोक माझ्याकडे बघायला लागतात, म्हणून मुळापासून सांगते. मी निवृत्त शाळामास्तरीण. आमचं घराणं आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती, आणि चर्चमधलं संडे स्कूल मी इतकी वर्षं चालवलंय की माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांची नातवंडं आता माझ्यासमोर बसून पेंगतात. बायबलमधली कुठलीही ओवी सांगा, पाळकसाहेबांचं वाक्य संपायच्या आत माझं बोट त्या पानावर असतं. मुलांचं पाठांतर घेताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मी बक्षीस देत नाही. माझ्या सख्ख्या भावालाही लहानपणी दिलं नव्हतं, आणि हे त्याने अजून विसरलेलं नाही.

हा भाऊ म्हणजे शांतवन, घरचा शांतू. चंदीगडला एका सरकारी संशोधन संस्थेत यंत्रं सांभाळतो. बदली होऊन गेला तो तिथलाच झाला. नोकरी पोटापुरती, खरा तो गाणारा. चर्चमध्ये रविवारी गातो, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सुगम संगीताला गातो, आणि त्याच्या आवाजासाठी दोन्हीकडचे लोक त्याला आपला समजतात.

नोव्हेंबरात त्याची बायको ललिता हिचा फोन आला. "वन्सं, तुम्ही या. ह्यांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ आहे. डॉक्टर म्हणतात लवकर काढा, लक्षण बरं दिसत नाही. सोमवारी ॲडमिट व्हायचंय. पण आवाजाची नस तिथूनच जाते, एखाद्याचा आवाज बसू शकतो, असंही डॉक्टरांनी सांगितलं. झालं! तेव्हापासून हे नाही म्हणून बसलेत. शेजारच्या गुरमीतजी रविवारी ह्यांना चमत्काराच्या सभेला नेतायत. तुम्ही बायबल जाणता. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकायचे नाहीत."

भाऊ आजारी म्हणून मी धावत निघाले असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण शास्त्राच्या आधाराने कोणाला तरी गप्प करायची संधी निवृत्तीनंतर फार क्वचित मिळते, हेही तितकंच खरं.

निघताना मी वचन काढलं. आमच्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत एक छोटी लाकडी पेटी असते. तिच्यात बायबलमधली आशीर्वादाची वचनं छापलेल्या चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या असतात. परीक्षा, प्रवास, सोयरीक, काहीही असो, डोळे मिटून एक चिठ्ठी ओढायची आणि त्या दिवसापुरतं ते देवाचं बोलणं मानायचं. पहिली चिठ्ठी ओढली तर पिकापाण्याची निघाली. परत ठेवली. दुसरी शत्रूंची दाणादाण उडवण्याची. तीही ठेवली. तिसरी जाता-येता सांभाळ करण्याची आली, तेव्हा देव माझ्याशी बोलला याची मला खात्री पटली. आधीच्या दोन हाताला चुकून लागल्या होत्या. मग ती पेटी पर्समध्ये टाकून मी चमत्कारवेड्या लोकांना सुधारायला निघाले.

सेक्टर एकोणचाळीस

शांतूचं घर सेक्टर एकोणचाळीसला. स्टेशनवर कोणी येऊ नका, मी काही लहान नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. एकोणचाळीसला हिंदीत काय म्हणतात ते गाडीत घोकूनही ठेवलं होतं. तरी रिक्षावाल्यासमोर तोंडातून "उनचास" निघालं, म्हणजे एकोणपन्नास. त्या शहरात सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल, दोन्हीकडे सारखीच पिवळी पानं गाळणारी झाडं. काही चुकतंय अशी शंका यायला जागाच नव्हती. घराचा नंबर बरोबर होता. बेल वाजवली. एका सरदारजींनी दार उघडलं, "आओ जी, आओ जी" म्हणत बॅग हातातून घेतली, सोफ्यावर बसवलं, त्यांच्या सुनेने चहा आणि गाजराचा हलवा आणला. मला वाटलं, शांतूचे शेजारी असतील, घर उघडं ठेवून गेला असेल. हलवा संपल्यावर त्यांनी हात जोडून विचारलं, "माताजी, आप आई किसके यहाँ हैं?"

आमच्या नगरला दारातच आडनाव विचारतात, मग गाव, मग पाणी. इथे आधी हलवा. सरदारजींनी मला स्वतःच्या गाडीतून एकोणचाळीसला सोडलं आणि वाटेत दोनदा सांगितलं की परत चुकलात तरी आमच्याकडेच चुका.

"आत्या, यहाँ खो जाना बहुत मुश्किल है, आपने कर दिखाया," रिया म्हणाली. ही शांतूची मुलगी, मोहालीला आयटीत नोकरी करते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. तिनेच मला सांगितलं की एवढं शिस्तीत आखलेलं हे शहर, पण आखताना तेरा नंबरचा सेक्टर ठेवलाच नव्हता, अशुभ म्हणून. "देखो, इंजीनियर लोग भी डरते हैं." मी तिला अंधश्रद्धेवर दहा मिनिटं सुनावलं. पर्समध्ये वचनाची पेटी होतीच.

शांतू गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. वाळला होता. मी म्हटलं, "दाखव." म्हणाला, "काय दाखव? सुपारीएवढी आहे. आधी जेव." ललिताने राजमा-चावल केला होता, मी नेलेली शेंगदाण्याची चटणी शांतूने भातावर घेतली, आणि जेवण होताच मी कामाला लागले. बायबल उघडलं. भाकरी खाऊन तृप्त झालेली गर्दी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाली तेव्हा तुम्ही भाकरीसाठीच मला शोधता असं प्रभूने सुनावलं, ते वाचलं. चिन्ह, म्हणजे चमत्कार, मागणाऱ्या पिढीला तो दुष्ट म्हणाला, ते वाचलं. आवाज चांगला लागला होता.

शांतूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, चिखल लावून आंधळ्याला दिसायला लागलं, हे मला कोणी शिकवलं? संडे स्कूलच्या फ्लॅनेलच्या फळ्यावर त्या आंधळ्याचं कागदी चित्र चिकटवून तूच दाखवलं होतंस."

"ते वेगळं. तो प्रभू होता. आणि त्या पिढीला..."

"मला पिढीचं नको सांगू गं. मला गळ्याचं सांग."

मी पानं उलटायला लागले, पुढून मागे, मागून पुढे.

संध्याकाळी गुरमीतजी वाडगाभर सरसोंका साग घेऊन आल्या. साठीच्या, धिप्पाड, गुडघ्यांनी हैराण, आणि आवाज असा की बोलल्या तरी भांडल्यासारखं वाटावं. पहाटे गुरुद्वारा, मंगळवारी मैत्रिणीबरोबर हनुमान, गुरुवारी कुठल्याशा पीराची मजार आणि रविवारी पास्टरजी, असा त्यांचा आठवडा. मी खडूस मास्तरणीसारखं विचारलं, "आप बायबल पढ़ते हैं?" त्या मोकळेपणी हसल्या. "ना जी. पढ़ना किसने है. डाक्टर तां मैं चार बदले ने, रब्ब तां इक्को ई ए." म्हणजे डॉक्टर चार बदलले, देव मात्र एकच. साग मात्र इतका उत्तम होता की मी वाद पुढे ढकलला.

मोहालीच्या पलीकडे

रविवारी मीही निघाले. म्हटलं, शत्रूचा किल्ला आतून पाहावा. जाडजूड मराठी बायबल छातीशी धरून गाडीत बसले. मोहालीचे उंच उंच टॉवर संपले, मग शेतं लागली, कोवळा गहू आणि त्यावर धुकं, आणि एका वळणावर एकदम गाड्याच गाड्या. पत्र्याचा भलामोठा मांडव, त्याहून मोठे पडदे, आणि आत माणसांचा समुद्र.

मला धक्का बसला तो पहिल्यांदा चपलांपाशी. सगळ्यांनी गुरुद्वाऱ्यासारख्या चपला बाहेर काढल्या होत्या, डोकी झाकली होती, आणि एका बाजूला लंगरसारखं कढी-चावल वाढणं चालू होतं. पगड्या होत्या, टिकल्या होत्या, हातात लाल चुडे घातलेल्या नव्या नवऱ्या होत्या. कोणाच्या हातात तेलाची बाटली, कोणाच्या पाण्याची. पुढच्या रांगेतल्या तरुण पोरांनी पासपोर्ट धरले होते. मी रियाला विचारलं हे कशाला. "कॅनडा का वीज़ा, आत्या." बाटल्या होत्या, पासपोर्ट होते, एका बाईने तर सुनेचा फोटो आणला होता. बायबल मात्र माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. मी मान उंचावून पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

गाणी झाली, ढोलक घुमलं, शांतूने मफलरच्या आतून गुणगुणून सूर धरला. मग तरुण पास्टरजी आले. "वचन में लिखा है..." एवढं त्यांनी म्हटलं आणि माझं बोट जिभेला लागलं. आमच्याकडे हे वाक्य झालं की अध्याय सांगतात, ओवी सांगतात, सगळ्या चर्चमध्ये पानांची सळसळ होते आणि कोणाला आधी सापडतं याची मूक शर्यत लागते. मी वाट पाहात राहिले. पास्टरजी अध्याय न सांगताच पुढे गेले. "आज निशानी देखोगे!" ते म्हणाले आणि मांडव गरजला. वचनाशी कोणाला काही घेणंदेणं नव्हतं. मला राहवेना. त्यांनी म्हटलेली ओवी मी शोधली, सापडली, आणि सवयीने शेजारच्या बाईला बोट लावून दाखवली, बरोबर कुठे आहे ते.

चूक झाली ती इथे. त्या बाईने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, मग डोक्यावरच्या पदराकडे. तिचा उजवा हात खांद्यापासून आखडलेला होता. "तुसी पास्टरनी हो?"

"नहीं नहीं, मैं टीचर है. बायबल का टीचर."

माझ्या हिंदीने घात केला. पास्टरपेक्षा पास्टरला शिकवणारी मोठी, असा त्यांनी हिशोब केला असावा. बाईने मोहरीच्या तेलाची बाटली माझ्यापुढे धरली. आता याला शास्त्राधार नाही हे मला सांगायचं होतं, पण शास्त्राधाराला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. तिचे डोळे भरले होते. नाही म्हणणं निर्दयपणाचं वाटलं. मी बाटलीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मराठीत प्रार्थना सुरू केली. घाबरल्यावर माणसाला सगळ्यात जुनं पाठ असेल तेच आठवतं. मला संडे स्कूलच्या पोरांची जेवणाआधीची प्रार्थना आठवली. हे अन्न आशीर्वादित कर, ज्यांनी रांधलं त्यांचं भलं कर, ज्यांच्या ताटात नाही त्यांना दे, आमेन. तेल खायचंच होतं, त्यामुळे अगदीच चूक म्हणता येणार नाही.

बाईने तेल खांद्याला चोळलं. हात हलवला. मग वर नेला. मग पूर्ण वर, आणि किंचाळली, "हो गया! हिल रहा है जी!"

माझ्याभोवती रांग लागली. रांग म्हणजे पंजाबातली रांग, चारी बाजूंनी. "माताजी, इधर." "माताजी, मेरी बेटी." एका पोराने पासपोर्ट माझ्या बायबलावरच ठेवला. रियाने डोक्याला हात लावला. आणि मी काय केलं? मी "नाही" म्हणाले नाही. पहिल्या प्रार्थनेत माझा आवाज कापत होता, तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला खर्ज आला. डोळे मिटायची पद्धतही बदलली. मला ते आवडत होतं. कोणी पुस्तक उघडा म्हणालं असतं तर मलाच नको वाटलं असतं, इतकं आवडत होतं.

पुढचा माणूस आला तेव्हा मी हात उचलला आणि डोळे उघडे होते म्हणून बरं. समोर शांतू उभा होता. इतरांसारखाच रांगेतून आलेला. मफलर काढलेला. डोळे मिटून त्याने मान वर केली आणि गळा माझ्यापुढे धरला.

"शांतू, हे काय?"

"हात ठेव आक्का."

मी हात ठेवला. तोपर्यंत मी ती गाठ पाहिलीही नव्हती. बोटांखाली ती लागली, टणक, आणि त्याने आवंढा गिळला तशी माझ्या बोटांखालून वर सरकली आणि परत खाली आली. माझं सगळं वाचन, सगळ्या ओव्या, भाकरी खाणारी ती गर्दी, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. मी जेवणाची प्रार्थना म्हटली नाही. मी काहीच पाठ म्हटलं नाही. मी मनातल्या मनात ओरडले की आत्ताच्या आत्ता जाऊ दे ही गाठ, माझ्या हाताखालून, सगळ्यांसमोर, मग मला पुन्हा कधी काही नको. त्या मांडवात त्या वेळी माझ्याइतकं अधीर होऊन चिन्ह मागणारं दुसरं कोणी नसेल.

बोटं काढली. गाठ तिथेच होती.

"गरम वाटलं," शांतू उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "तुझ्या हाताला काहीतरी होतं."

"माझे हात लहानपणापासून गरमच आहेत," मी म्हटलं. "चल घरी."

गुरमीतजी कढी-चावल खाऊन आल्या. गुडघे कसे आहेत विचारलं तर तसेच आहेत म्हणाल्या, "ओहो जे. अगले संडे देखांगे." त्यांच्या चेहऱ्यावर काडीची निराशा नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला.

पुन्हा एकोणचाळीस

घरी येताच शांतूने जाहीर केलं की सोमवारचं हॉस्पिटल रद्द. गाठ थोडी लहान झाली आहे, आरशात दिसते आहे, आणखी थोडे रविवार थांबू. "आक्काच्या हातून एका बाईचा हात बरा झाला. मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी तर सख्खा भाऊ."

ललिता स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती कणीक मळत होती, आणि कणकेवर तिचा सगळा राग निघत होता.

"वन्सं, तुम्हाला आग विझवायला बोलावलं होतं. तुम्ही रॉकेल घेऊन आलात."

तिचं खरं होतं. ती तारीख गेली तर पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि गाठ काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. मी बाहेर येऊन शांतूला सांगितलं की त्या बाईचा खांदा तेल चोळल्यानेच मोकळा झाला असेल, मी तर जेवणाची प्रार्थना म्हटली होती. तो म्हणाला, "बघ, म्हणजे शब्दांनाही महत्त्व नाही. तुझ्यातच आहे." आयुष्यभर कोणीतरी असं म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि आता म्हटलं तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी ललिताने बॅग भरून दारात ठेवली होती. शांतू त्या बॅगेकडे पाठ करून चहा पीत होता. माझ्या पर्समधून चष्मा काढताना पेटी बाहेर आली. त्याने ती ओळखली, आमच्या आईचीच ती.

"अजून बाळगतेस? बरं, काढ माझ्यासाठी. जे निघेल ते मी मानीन. ऑपरेशनला जा म्हणून निघालं तर जातो. नाही तर विषय बंद."

रिया म्हणाली, "पापा, सीरियसली?" ललिताने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. पहिल्यांदाच असं झालं की चिठ्ठी ओढताना मला हात परत न्यावासा वाटला. ओढली, चष्मा चढवला, वाचली.

वांझ स्त्रीला मुलंबाळं होतील, ती आनंदाने आपल्या घरात नांदेल, असं वचन होतं.

माझ्या हातात जगातलं सगळ्यात निरुपयोगी वचन आलं होतं. परत ठेवायची सोय नव्हती, शांतू समोर टक लावून बसला होता. मी घसा साफ केला आणि वाचायला लागले. खोल पाण्यातून चाललास तरी भिऊ नको, ऊठ आणि पुढे जा, मी तुझा हात धरला आहे, असं काहीतरी. तीन वेगवेगळ्या पुस्तकांतले तुकडे मी एका दमात शिवले. जिथे जोड दिसत होता तिथे आमेन घातलं.

शांतूने हात पुढे केला. "दे."

"तुझा चष्मा नाहीये."

"दे आक्का."

त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. वाचली. पुन्हा वाचली. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, इतका की मफलर सुटून चहात पडला.

हसू ओसरल्यावर त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "पाचवीत एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून तू माझं बक्षीस दुसऱ्या पोराला दिलंस. आणि आज अख्खं वचन बदललंस?"

मी पेटी पर्समध्ये टाकायला लागले.

"एवढी भ्यायलीस?"

"हो," मी म्हटलं. "काल हाताला लागली तेव्हापासून भ्यायलेय. तुझा आवाज गेला तर मला फार वाईट वाटेल रे. पण तू गेलास तर मी कोणाच्या चुका काढू?"

त्याने चिठ्ठी बोटांनी सपाट केली. मग चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि उठला. "ललिता, मफलर दुसरा दे. आक्का देवाच्या नावावर खोटं बोलली म्हणजे प्रकरण खरंच गंभीर असणार."

सेक्टर बत्तीस

बत्तीस सेक्टरच्या सरकारी हॉस्पिटलात शिरल्यावर मला मांडवच आठवला. तीच माणसं, तेच चुडे, त्याच पगड्या, बाटल्यांच्या जागी थर्मास आणि ब्लँकेटं, आणि सगळ्यांची नजर एका दाराकडे. मला वाटलं होतं इथे आपलं कोणी नसेल, तर तिथली एक तरुण डॉक्टर लातूरची निघाली. मराठी मंडळात तिने शांतूचं गाणं ऐकलेलं. "काका, तुमच्या आवाजाला जपूनच काम करतील सर. पण शब्द नाही देणार मी. भूल उतरल्यावर तुम्ही बोलाल तेव्हाच कळेल," तिने सरळ सांगितलं.

ऑपरेशन चालू असताना गुरमीतजी पराठ्यांचा डबा घेऊन गुडघे सावरत आल्या. माझ्या शेजारी बसून त्यांनी डोळे मिटले आणि पंजाबीत अरदास, त्यांची प्रार्थना, म्हणायला लागल्या. मी माझं बायबल उघडलं होतं. ते मिटून मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी हात जोडून बसले. अर्थ सगळा कळला नाही, पण शांतूचं नाव त्यात दोनदा आलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्याला घोर लावायचा नाही. गाठीचा रिपोर्ट मी नगरला परतल्यावर आला. गाठ वेळेत निघाली, औषधं चालू राहतील, डॉक्टर निश्चिंत आहेत. वरचे सूर अजून लागत नाहीत. फोनवर तो मला रोज एकदा षड्ज लावून दाखवतो आणि मी रोज तो उतरलेला आहे असं सांगते.

पण ऑपरेशनच्या त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. शांतू कॉटवर निजलेला, गळ्याला पांढरी पट्टी, डोळे उघडे. ललिता पायाशी, रिया भिंतीला टेकून, गुरमीतजी दारात. लातूरची डॉक्टर वाकून म्हणाली, "काका, काहीतरी बोला. काहीही."

शांतूने छताकडे पाहिलं. आवंढा गिळला, तो त्याला दुखला हे दिसलं. ओठ हलले, आवाज आला नाही. ललिताने माझा हात घट्ट धरला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. घोगरा, फाटका, खोल कुठूनतरी आलेला, पण त्याचाच आवाज.

"आक्का," तो म्हणाला, "मला... मूल होणार आहे."

डॉक्टर दचकून ललिताकडे बघायला लागली. ललिता तोंडाला पदर लावून रडत की हसत खाली बसली. गुरमीतजींना काहीच कळलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं "हालेलुया जी!" म्हटलं.

"वाच," शांतू मला म्हणाला.

मी पर्समधून ती चिठ्ठी काढली, चष्मा पुसला, आणि वांझेला दिलेलं ते वचन मोठ्याने वाचलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.